लाभ, दोन, तीन

माझे बाबा दारू भरायचे. फरिदाबादच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मी हे हिंदीत सांगितलं, "मेरे पापा दारू भरते हैं," आणि अख्ख्या वर्गाने बाकं बडवली. मॅडमनी आईला बोलावून घेतलं. आई ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि तिने समजावलं की दारू म्हणजे बारूद, काडतुसात असते ती. माझे मिस्टर शूटिंग क्लबात आर्मरर आहेत, मेंबर लोकांची हत्यारं सांभाळतात, काडतुसं भरून देतात. "ओह, अच्छा, बारूद!" मॅडम म्हणाल्या, जणू ही फारच निर्धास्त करणारी गोष्ट होती. बाहेर आल्यावर आई चिडून म्हणाली, "एक शब्द चुकीच्या जागी पडला की माणसाची अशी शोभा होते बघ." पुढे ज्या शब्दाने आमच्या घराची वाट लावली तो वेगळा होता, आणि तो मराठीतून मराठीतच चुकीच्या जागी पडला.

मी एकतीस वर्षांची आहे. या वयात लहानपणाबद्दल लिहायला बसणं आगाऊपणाचं आहे हे मला कळतं. पण मी पत्रकं लिहिणारी बाई आहे. कारखान्यांच्या गेटवर उभं राहून पॉवर प्रेसमध्ये तुटलेल्या बोटांबद्दल ओरडणं हे माझं काम. बारा वर्षं दुसऱ्यांच्या हातांबद्दल लिहिलं. घरातल्या हाताबद्दल एकदाच लिहिलं, आणि ते अर्धवट होतं.

बाबा विदर्भातल्या सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते. बदलीवर दिल्लीला आले, नंतर नोकरी सोडून क्लबात लागले. सुरुवातीला आम्ही पहाडगंजच्या मागे भाड्याने राहायचो, तेव्हा दोन वर्षं मी तिथल्या मराठी शाळेत होते. क्लब फरिदाबादच्या पलीकडे, अरवलीच्या बंद खाणींना लागून, म्हणून आम्ही इकडे सरकलो आणि माझी मराठी शाळा सुटली. मराठी घरात उरली, आणि घरात तरी किती? जेवलीस का, लाइट बंद कर, अभ्यास झाला का. एवढ्या शब्दांवर माणूस मोठा होतो आणि त्याला वाटतं आपल्याला मातृभाषा येते. खळं, सूप, पायली हे शब्द मी आई-बाबा गावाकडच्या गप्पा मारत तेव्हा ऐकायचे आणि यार, असेल काहीतरी, म्हणून सोडून द्यायचे.

कॉलेजात गेल्यावर सुट्टीच्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन क्लबात जायचे. भाकरी, ठेचा, एखादी पातोडीची भाजी. मेंबर लोकांच्या कँटीनमध्ये बाबा जेवत नसत. तसा काही नियम नव्हता, पण बाबांना बरोबर कळायचं कुठे नियमाची गरज नसते. त्यांची खोली रेंजच्या मागे होती. एक टेबल, त्याला नटबोल्टने आवळलेली हाताची प्रेस, काचेच्या पेटीत दारू तोलायचा नाजूक काटा, आणि पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा. भोकांत काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उभ्या. बाहेर धडाम धडाम चालू असायचं आणि आत बाबा श्वास रोखून काट्याकडे बघायचे. पंखा बंद, उन्हाळ्यातसुद्धा. वाऱ्याने काटा हलतो. घाम नाकाच्या शेंड्यावर जमायचा आणि ते मान मागे घेऊन तो गुडघ्यावर पाडायचे, टेबलावर नाही.

क्लबात मॅग्नम रिव्हॉल्व्हरचं फार कौतुक. मॅग्नम म्हणजे मोठं. फार्महाउसवाल्या लोकांना मोठं सगळंच आवडतं. विदेशी काडतुसं महाग आणि मिळायची मारामार, म्हणून झाडलेल्या पुंगळ्या बाबा परत भरायचे. "उस्ताद, थोड़ी तगड़ी बनाना," असं प्रत्येक जण सांगून जायचा, चहावाल्याला पत्ती जास्त घाल म्हणतात तसं. बाबा मान डोलवायचे आणि भरायचे आपल्या मापानेच. मला सांगायचे, "पोरी, हा कुकर आहे. शिट्टी नाही याला. जास्त झालं तर सांगणार नाही, फुटेल."

माप कसं ठरवायचं हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की झोपेत म्हणून दाखवेन. दारू बनवणारी कंपनी पुस्तक छापते. ज्या दारूची, ज्या वजनाच्या गोळीची, पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या ज्या टोपीची नोंद असेल तीच बघायची, शेजारची नाही. सगळ्यात वरचा आकडा हा शेवट असतो, सुरुवात नाही. खालून सुरू करायचं, एकेक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीला झाडलेली पुंगळी हातात घेऊन बघायची. टोपी चपटी झाली का, पुंगळी रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत चिकटली का. शंका आली की खाली उतरायचं. आणि कमी घातलं म्हणजे सुरक्षित असंही नाही, काही दारू फार कमी घातली तरी दगा देते. आकडे मी इथे लिहिणार नाही. बाबा म्हणायचे, दुसऱ्याच्या वहीतल्या आकड्यावर जो भरतो त्याने आधी दुसऱ्याचा हात उसना आणावा.

पण त्यांचा सगळ्यात आवडता नियम साधा होता. दारू अशी निवडायची की एका मापात पुंगळी अर्ध्याच्या वर भरली पाहिजे. म्हणजे चुकून दुसऱ्यांदा घातली तर ती बाहेर सांडते. "माणूस चुकणारच नं. चूक दिसली पाहिजे. सांडली पाहिजे." बारा वर्षांत कामगारांच्या सुरक्षेवर मी जेवढी भाषणं ऐकली त्यात याच्याहून शहाणं वाक्य एकही नव्हतं.

आता तो शब्द. बाबा पहिल्या पुंगळीत माप ओतताना हळूच म्हणायचे, "लाभ." मग दोन, तीन, चार. मी कधी मोजदादीकडे लक्ष दिलं नाही. मला ऐकू यायचा तो फक्त "लाभ", आणि तो ऐकून मी खवळायचे. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक दारावर लाल-सोनेरी 'शुभ लाभ'चे स्टिकर होते. आमच्या दारावर नव्हता. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातला फोटो, आणि मी तेव्हा कॉलेजच्या अभ्यासमंडळात नवी नवी विवेकवादी झाले होते. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही पण? शुभ लाभ?"

बाबा हसले. "तुझ्या आज्याचं आहे ते."

"आजोबांचं असलं म्हणून काय झालं? अंधश्रद्धाच ना!"

"बरं बाई," ते म्हणाले आणि काट्याकडे वळले. समजावलं नाही. खळ्यावरची गोष्ट काढली असती तर मी पुन्हा एक भाषण ठोकलं असतं, हे त्यांना माहीत होतं. मला वाटलं लाभ म्हणजे श्रीगणेशा. काम सुरू करायच्या आधी म्हणायचा एक मंत्र.

त्या वर्षी क्लबात नवा मॅनेजर आला. गोरा, गोड बोलणारा, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवणारा. त्याने दारूचा डबा बदलला. नवी दारू झटपट पेटणारी होती, जरासं माप पुरायचं, पुंगळीच्या तळाशी काळा थर दिसेल न दिसेल एवढं. "उस्ताद, एक डिब्बे में दुगुनी गोलियाँ बनेंगी," तो म्हणाला. बाबा म्हणाले, साहेब, हिच्यात दुसरं माप घातलं तरी सांडणार नाही. मॅनेजर म्हणाला, "तो दूसरा डालो ही मत ना!" आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

बाबांनी अर्ज केला. तो मी टाइप केला. माझं पहिलं पत्रक म्हणा. मागण्या दोन. जुनी दारू परत द्या. नसेल जमत तर पहिली गोळी झाडायला लोखंडी शिकंजा द्या, म्हणजे रिव्हॉल्व्हर त्यात आवळून दोरीने लांबून घोडा ओढता येईल. कारण बाबांची जुनी रीत होती, जो भरेल त्याने पहिली झाडायची. ठोकळ्याच्या पहिल्या भोकातलं काडतूस ते स्वतः, स्वतःच्या हातात धरून झाडायचे. मग बाकीची मेंबरला. अर्जाची पोच मागितली तर मॅनेजर म्हणाला, "अरे उस्ताद, घर की बात है." घर की बात! हे तीन शब्द ऐकले की आजही माझी मूठ वळते. पोच मिळाली नाही, शिकंजाही नाही. बाबा नव्या दारूने भरत राहिले, पंखा बंद करून, आणखी सावकाश, शेवटी प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड मारून. काही महिने निभावलं.

तो रविवार होता. कुणी मोठा पाहुणा यायचा होता, त्याच्यासाठी सहा काडतुसं हवी होती, आणि आत्ता हवी होती. बाबांनी सहा पुंगळ्या ठोकळ्यात लावल्या. मी शेजारी स्टुलावर पुस्तक घेऊन बसले होते. तोलायचं काम अधूनमधून मी करायचे, ओतायचे मात्र बाबाच; त्या दिवशी मी अजून पुस्तकातच होते. तेवढ्यात रेंजवरून हाक आली, एका मेंबरच्या नळीत गोळी अडकली होती. अशा वेळी दुसरी झाडली तर अनर्थ. बाबा बॅटरी घेऊन उठले. मॅनेजर दारातच उभा होता. "उस्ताद, गाड़ी गेट पर आ गई। बच्ची कर लेगी ना?"

बाबा एक क्षण थांबले. मग मला म्हणाले, "लाभ झालं. तू पुढे चालव. घाई करू नको."

मी घाई केली नाही. प्रत्येक माप काट्यावर घेतलं, काटा थरथरायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, फनेल लावून ओतलं. पहिल्या भोकापासून. माझ्या लेखी बाबांचा मंत्र म्हणून झाला होता आणि काम सुरू व्हायचं होतं. सहा पुंगळ्या, सहा मापं. एक कणही बाहेर सांडला नाही.

बाबा परतले तेव्हा घामाघूम होते. बॅटरी तिकडे रेंजवरच राहिली होती. मॅनेजर घड्याळ बघत होता. बाबांनी विचारलं, "झालं?"

मी म्हणाले, "सगळे झाले."

सहा, असं म्हटलं असतं तर त्यांचा हात जागीच थांबला असता. त्यांच्या हिशोबात माझे पाचच व्हायला हवे होते. पण मी आकडा बोलले नाही, 'सगळे' म्हणाले, आणि सगळे खरंच झाले होते. बाबांनी ठोकळा ट्यूबलाइटकडे तिरपा केला, एक डोळा मिटून आत पाहिलं. तळाशी काळं होतं. सगळ्यांच्याच. त्यांनी गोळ्या बसवल्या, पहिल्या भोकातलं काडतूस उचललं आणि क्लबाचं रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर गेले.

आवाज नेहमीपेक्षा मोठा नव्हता. लोकांना वाटतं असेल, नव्हता. वेगळा होता. पत्रा फाटल्यासारखा. मी बाहेर धावले तर बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आईला सांगू नको अजून." उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली होती, अंगठा पेरापासून लोंबत होता. चक्रीचा वरचा भाग जागेवर नव्हता.

बाबा अजून वॉर्डात असताना मॅनेजर सफरचंदं घेऊन आला. बाबांच्या चांगल्या हाताच्या खांद्यावर हात ठेवून बसला. बाबांसमोर एक टाइप केलेला कागद होता: मी खोलीत एकटा होतो, माझ्या हलगर्जीपणामुळे एका पुंगळीत दोन मापं गेली. मी म्हणाले, "बाबा, सही करू नका. अर्जाची कॉपी आहे आपल्याकडे." मॅनेजरने माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं. "बेटा, बात निकलेगी तो पूछेंगे किसने भरा। बारूद का मामला है, लाइसेंस का। तुम्हारा नाम आएगा।" मी म्हणाले, येऊ दे, मी तोलून भरलंय. बाबांनी डाव्या हाताने पेन मागितलं. सही अशी आली की लहान मुलाने चिखलात काडी ओढावी.

तेव्हा मला बाबांचा राग आला, खोटं कशाला बोलू. भित्रा वाटला माझा बाप. मी ठरवलं, हे सही करोत, मी गप्प बसणार नाही. अभ्यासमंडळातल्या मित्रांनी छापायला मदत केली. हिंदीत पत्रक काढलं: अर्ज दिला होता, पोच दिली नाही, शिकंजा मागितला होता, दिला नाही, दारू बदलली, हात गेला. "दो उँगलियों का जवाब दो." प्रत्येक अक्षर खरं होतं. दोन मापांबद्दल मी लिहिलं की हे क्लबाचं कुभांड आहे, भरणाऱ्याने एकेकच माप घातलं होतं. ते मी छातीठोक लिहिलं, कारण भरणारी मी होते ना! दोन रविवार मी क्लबाच्या गेटवर उभी राहिले. गाड्यांच्या काचा खाली झाल्या नाहीत. एका ड्रायव्हरने मात्र पत्रक नीट घडी घालून खिशात ठेवलं.

त्याच दिवसांत मामाने भंडाऱ्याहून तांदळाचं पोतं पाठवलं. आमच्याकडे तांदूळ पाकिटातून यायचा, कात्रीने कापला की डब्यात. मोजायची वेळच कधी यायची नाही. आता बाबा घरी होते, आई एकटी कमावत होती, आणि तिला बघायचं होतं हे पोतं किती दिवस पुरेल. ती स्वयंपाकघरात फतकल मारून बसली, स्टीलचा मोठा ग्लास घेतला आणि पिंपात पहिला ग्लास रिकामा करत म्हणाली, "लाभ." मग, "दोन. तीन. चार."

मी दारात उभी होते. बगलेत पत्रकांचा गठ्ठा होता.

"आई, एक कुठे गेला?"

"कुठला एक?"

"तू लाभ म्हणालीस, मग दोन. एक कुठे गेला?"

"अगं, लाभ म्हणजेच एक. मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. खळ्यावरची रीत आहे. हे पण माहीत नाही तुला?" आणि मग माझं तोंड बघून, "काय झालं गं? सुजाता? काय झालं?"

तिचा ग्लास हातात तसाच राहिला, आकडा चुकला, तिला सगळं पुन्हा मोजावं लागलं.

बाबा गॅलरीत बसले होते, पट्टीतला हात मांडीवर ठेवून. मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "बाबा, तुम्ही पहिली भरून गेला होतात."

"हो."

"मी परत भरली."

"हो नं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच. धूर निवला नव्हता तेव्हाच." त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "लाभ मालकाचा, दोनपासून मजुराचं, असं तुझा आजा म्हणायचा. दुसऱ्याच्या खळ्यावर माप घालायचा तो, ओट्यात चार दाणे पडतील म्हणून. मला त्याची गंमत वाटायची. म्हणून लागली जिभेला सवय. चूक माझी आहे, पोरी. एक म्हणायला काय जात होतं?"

मी म्हणाले, दारू बदलली नसती तर सांडली असती. मी म्हणाले, शिकंजा दिला असता तर हात राहिला असता. मी म्हणाले, मॅनेजर. बाबा ऐकत राहिले. हे सगळं खरं आहे. आजही मी कुठल्याही गेटवर उभी राहून सांगेन की माणसाची चूक दाखवण्याऐवजी लपवणारी दारू ज्याने आणली, दोषी तो. पण हे सांगायला आधी मी काय केलं ते सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की बाबांची सही खोटी ठरते, ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी नाव घालवलं तीच वाया जाते. मॅनेजरने हे आमच्या आधी ओळखलं होतं. घर की बात. पत्रकं मी रद्दीत घातली. तिसऱ्या रविवारी गेले नाही.

क्लब चालू आहे. नवा आर्मरर आला. दारू तीच आहे, असं तो पत्रक खिशात घालणारा ड्रायव्हर मागे एकदा मेट्रोत भेटला तेव्हा म्हणाला. मॅनेजर अजून मोठ्या जागी गेला. कुणाचं काही वाकडं झालं नाही, आणि माझ्या या लिहिण्यानेही होणार नाही, एवढं मला या धंद्यात कळलं आहे. बाबांना मी हे वाचून दाखवलं. म्हणाले, "आता काय उपयोग?" मी म्हणाले, काही नाही. "मग छाप," ते म्हणाले.

मामा अजून दरवर्षी पोतं पाठवतो. मोजायचं काम आता बाबांनी घेतलं आहे, डाव्या हाताने, उजव्याच्या उरलेल्या बोटांनी पिंपाची कड धरून. निम्मा तांदूळ जमिनीवर सांडतो, मी वेचते. आई एकदा बोलून गेली, अहो, लाभ म्हणा ना, धान्य आहे ते. बाबांनी ऐकलं नाही. ते पहिला ग्लास ओततात, थांबतात, मी ऐकते आहे ना ते बघतात, आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणतात, "एक."